शुक्रवारचं ऊन

आमच्या घरात मोजमापाचा विषय निघाला की माझं मत कोणी विचारत नाही. पडद्याला कापड किती लागेल, कपाट जिन्यातून वर जाईल का, कुकरमध्ये पाणी किती घालायचं, हे सगळं माझ्यासमोर आणि मला वगळून ठरतं. टेप हातात घेतली की शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "अहो, तुम्ही मोजू नका, नुसतं टोक धरा." वास्तविक मोजमाप हा माझा धंदा. अंबरनाथच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी गेज तपासतोय. ज्याने बाकीच्या वस्तू मोजायच्या ते गेज, आणि ते खरं की खोटं हे सांगणारा मी. केसाच्या दहाव्या भागाची चूक मला दिसते. अशा माणसाने आयुष्यात एकच मोठी चूक केली आणि ती बावीस मजल्यांची निघाली.

तिची गोष्ट सांगायची तर जोमाकाकांची सांगावी लागते. माझं त्यात काम एवढंच, टोक धरायचं.

बेलवलीत आमची चार मजली बिल्डिंग उभी आहे तिथे एकेकाळी जोमाकाकांचं भाताचं शेत होतं. बिल्डिंगच्या पश्चिमेला अगदी चिकटून त्यांचं घर. कौलं जाऊन पत्रे आलेले, पुढे दोन दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांपुढे क्रिकेट खेळता येईल एवढं शेणाने सारवलेलं अंगण. माणूस उंच, काटकुळा, खांद्यावर कायम एक लाल टॉवेल. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी अंगणात उभे राहायचे, डोळ्यांवर आडवा तळहात धरून वर बघायचे आणि म्हणायचे, "बगू, ऊन काय बोलतंय." बँकेत जायचं असो, वाल पेरायचे असोत, की व्याह्याला फोन करायचा असो, उन्हाला विचारल्याशिवाय नाही. एकदा मी त्यांना छत्री उसनी मागितली तेव्हासुद्धा आधी वर बघितलं आणि म्हणाले, "नको नेव. तुजी कंपनी येयपरत काय पडत नाय." मी नेली नाही. पडला नाही.

घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. अंगणाच्या कडेला शेवगा होता आणि त्याच्यापुढे जमिनीवर एक मुठीएवढा गोल दगड. सकाळी शेवग्याच्या बुंध्याची सावली त्या दगडाला लागली की काका खालून हाक मारायचे, "इंजिनेर, गारी आली तुजी!" आणि खरोखर दोन मिनिटांत आमची कंपनीची बस नाक्यावर हॉर्न द्यायची. मी इंजिनियर नाही, डिप्लोमावाला आहे. पण इंजिनेर म्हणणारा जगात एकच माणूस होता, म्हणून मी ती दुरुस्ती कधी केली नाही.

तो दगड काका दर पंधरा दिवसांनी थोडा हलवायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, "काका, हे काय घड्याळ? सारखं जागा बदलतंय."

"सूर्य हलतंय," काका म्हणाले, "तं त्या बिचाऱ्या दगरानं काय करावं?"

हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्या दोन्ही कानांनी ऐकलं होतं. पुढच्या गोष्टीत ते लक्षात ठेवावं, मी ठेवलं नाही.

काकांच्या घरात माणसं दोनच, ते आणि हिराकाकी. एकुलती लेक वनिता मुरबाडच्या बाजूला दिलेली. हिराकाकींना अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. पाय पुढे थोडा चालायला लागला, बोलणंही सुधारलं, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. थंडीत तर अशी घट्ट बसायची की नखं तळव्यात रुतायची. डॉक्टरांनी तेल दिलं, व्यायाम दिला. त्यातलं काही लागू पडलं असेल, पण काकांचा विश्वास एकाच औषधावर. थंडी सुरू झाली की सकाळी नऊला ते काकींची निळी प्लास्टिकची खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवायचे, काकींना धरून आणून बसवायचे आणि ती मूठ मांडीवर उन्हात ठेवायचे. मग समोर उकिडवे बसून वाट बघायची.

तासाभराने करंगळी सुटायची. मग तिच्या शेजारचं. अंगठा सर्वात शेवटी. सगळी बोटं सुटली की काका त्या तळव्यावर वालाच्या चार शेंगा ठेवायचे आणि काकी त्या सोलायला लागायच्या, हळूहळू, डाव्या हाताने उजव्याला शिकवल्यासारख्या. रोजचा निकाल काका वर आमच्या गॅलरीकडे बघून जाहीर करायचे. "आज चार!" किंवा "पाची सुटली गो शोभा, पाची!" शोभाही वरून टाळ्या वाजवायची. काकी लाजून डावा हात तोंडावर धरायच्या. "काय ह्यांचं येरंपन," म्हणायच्या. "गावभर सांगतंत. जसं काय मी दहावी पास झालंय."

आमची अनघा चौथीत असताना शाळेतून प्रकल्प आला, प्रकाश आणि सावली. मी तिला तासभर समजावलं. प्रकाश सरळ रेषेत जातो, मध्ये अपारदर्शक वस्तू आली की छाया पडते, कोन, अंतर, आकृती एक, आकृती दोन. तिच्या चेहऱ्यावर दुसऱ्या आकृतीपासून छाया पडली होती. तेवढ्यात शिरस्त्याप्रमाणे लाइट गेले आणि ती पळाली खाली काकांकडे. मी मागोमाग गेलो, कारण प्रकल्प माझाही होता.

काकांच्या ओसरीवर अंधारून आलं होतं. काकांनी बॅटरी पेटवली आणि भिंतीसमोर हाताचा बगळा केला. बॅटरी हाताजवळ आणली, बगळा फुगून छपराला लागला. लांब नेली, बगळा आटून हाताएवढा झाला. अनघा खिदळत होती. मग काकांनी वालाचा एक दाणा जमिनीवर ठेवला आणि बॅटरी बरोबर त्याच्या डोक्यावर धरली.

"सावली हाय का नाय?"

"नाहीच आहे."

"आता बग." बॅटरी हळूहळू खाली आली. दाण्याच्या पायातून एक काळी रेघ निघाली आणि लांबत लांबत ओसरीभर गेली. बॅटरी जमिनीला टेकली तेव्हा त्या एवढ्याशा दाण्याची सावली समोरच्या भिंतीवर चढली होती.

"दिवा खाली गेला का दानाबी डोंगर होतो," काका म्हणाले. अनघाला प्रकल्पात पैकीच्या पैकी मिळाले. मी त्या ओसरीवर उभा होतो, हेही नोंदवून ठेवतो.

त्यानंतर दोन वर्षांनी काकांच्या अंगणाच्या दक्षिणेची मोकळी जागा विकली गेली. ती त्यांच्या चुलतभावांची. तिथे बावीस मजल्यांचा टॉवर येणार असा फलक लागला. पण टॉवरला रस्ता हवा होता आणि रस्ता जात होता काकांच्या अंगणाच्या कडेवरून, शेवग्याच्या बाजूने. त्यासाठी काकांची सही पाहिजे. साइटचं काम बघणारे मनोहरशेठ उल्हासनगरचे, अतिशय गोड माणूस. येताना काकींसाठी मिठाई आणायचे, पायांना हात लावायचे.

"बोलो काका, क्या चाहिए आपको?" ते म्हणाले. "मोबदला तो मिलेगा ही. ऊपर से टाकी बांधून देऊ? बोअरिंग मारून देऊ? शरम मत करो, साईं."

"मना कायबी नको," काका म्हणाले. "माज्या आंगनात ऊन येल का, तेवरं सांग."

मनोहरशेठ हसले. "अरे काका, धूप तो ऊपरवाले का है. उसको कौन रोकेगा?"

"तुजे बावीस मजले."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो आमचा इंजिनेर हाय. ह्यो मोजल. ह्यो हाव बोलला तं सही."

मे महिना होता. इथे मला जरा थांबून माझी बाजू मांडायची होती, पण बाजू नाहीये. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, एक-दोन दिवस तर सावली पायाखाली गडप होते. हे मला माहीत होतं आणि ते चारचौघांना दाखवायची मला फार हौस. मी दहा फुटांचा बांबू आणला. ओळंबा लावून अंगणात अगदी सरळ उभा केला. साडेबाराच्या सुमाराला बिल्डिंगमधली पाचपंचवीस माणसं जमली. बांबूची सावली कमी कमी होत दोन इंचांवर आली. मी छोटं भाषण केलं. टाळ्याही पडल्या. मग कागद घेतला, त्रैराशिक मांडलं. दहा फुटांना दोन इंच तर टॉवरला किती? चार फूट. म्हणजे टॉवरची सावली टॉवरच्याच कंपाउंडमध्ये. खाली सही केली, तारीख टाकली. हिशेब आजही कोणाला दाखवा, चूक सापडणार नाही.

काका कागदाकडे बघत होते. त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश.

"आनी थंडीत?" त्यांनी विचारलं.

उत्तर द्यायला मला किती वेळ लागला सांगू? लागलाच नाही. टाळ्या अजून कानात होत्या. "थंडीत थोडा फरक पडेल, काका," मी म्हणालो. "हातभर."

काकांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग मनोहरशेठच्या पेनने सही केली. अंगणाच्या कडेने रस्ता झाला, शेवगा गेला, त्याच्याबरोबर दगडाचं कामही गेलं. काकांनी तो उचलून पायरीवर ठेवला. बस चुकायला लागली म्हणून मी मोबाइलवर अलार्म लावला.

टॉवर तीन वर्षांत उभा राहिला. पहिल्या दोन थंड्यांत तो फार वर आला नव्हता, आणि उन्हाळ्यात तर खरंच अंगणात सावलीचं बोटही नसायचं. "बगा, इंजिनेरचा कागद," काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तिसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता बाविसावा स्लॅब पडला. नवरात्रात दुपारची सावली कंपाउंडची भिंत ओलांडून अंगणात आली. मी गॅलरीतून बघितलं आणि स्वतःला सांगितलं, हातभर आहे. दसऱ्याला ती खुर्चीच्या जागेपर्यंत आली. दिवाळीत पायऱ्या चढून ओसरीवर गेली. आणि मार्गशीर्षात सकाळी नऊपासून तिन्हीसांजेपर्यंत ते सगळं अंगण, घर, पत्रे, सगळं टॉवरच्या काळोखात. बॅटरी खाली आली होती. दाणा बावीस मजल्यांचा होता.

शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी. त्या शुक्रवारी मी खाली गेलो. जायला मला तिसऱ्या मजल्यावरून अर्धा तास लागला. काका पायरीवर बसले होते. काकी खुर्चीत, शाल लपेटून, मूठ मांडीवर. एकही बोट सुटलेलं नव्हतं.

"काका," मी म्हणालो.

"बस."

मी बसलो. "तुम्हाला माहीत होतं ना, थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो ते?"

"मना ठाव नसल? जनम गेला."

"मग सही का केलीत?"

काकांनी पायरीवरचा तो गोल दगड उचलला, थोडा फिरवला आणि परत तिथेच ठेवला. "मना वाटला," ते म्हणाले, "तुज्या शिक्षनात त्याचं कायतरी काडलं असल."

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मी आजही त्यांचा ऋणी राहिलो असतो.

मी धावपळ केली, हे सांगायला हवं. एका कचेरीत गेलो, तिथून दुसरीत. मनोहरशेठना गाठलं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि फाइलमधून माझाच कागद काढून पुढे ठेवला. दोन इंच, चार फूट, सही, तारीख. "भाईसाब, मैंने भी आपका पढ़के ही मान लिया था," ते म्हणाले, आणि ते खरं बोलत होते, हा तर मोठाच त्रास. "अब बोलो, क्या करूँ? टॉवर सरकाऊँ?"

मी विजेचा हीटर आणला. काकींनी अर्धा तास सहन केला. "भट्टी नको," म्हणाल्या. "अंग भाजतं नि हाडं थंडच." एकच बोट सुटलं, तेही हीटर बंद करताच मिटलं. मग चौघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट आमच्या गच्चीवर न्यायचं ठरवलं, कारण गच्चीवर सकाळचं ऊन होतं. बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची कलली आणि काकी ओरडल्या, त्यांची मूठ दिवसभर उघडली नाही. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

आणि मग गच्चीवर कपडे वाळत घालताना शोभाच्या मंगळसूत्रावरून उडालेला उजेडाचा ठिपका मी काकांच्या पत्र्यावर नाचताना बघितला.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून मी पाच फुटी आरसा आणला. ड्रेसिंग टेबलाचा, पण टेबलाशिवाय. दुकानदाराने विचारलं, "शादी है घर में?" मी हो म्हटलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर त्याने आरसा दिला नसता. टेंपोत तो उभा धरून बसलो तेव्हा वाटेतल्या प्रत्येक रिक्षावाल्याने डोळे मिटून मला आईबहिणीवरून काहीतरी ऐकवलं. शोभाने दारातच विचारलं, "कितीचं माप घेतलंत?"

"घेतलं नाही. होता तो आणला."

"शहाणे झालात," ती म्हणाली.

जुन्या कूलरच्या स्टँडवर आरसा बांधून मी तो गच्चीच्या कठड्याशी ठेवला. आमची बिल्डिंग अंगणाच्या पूर्वेला, त्यामुळे साडेअकरा-बारापर्यंत गच्चीवर ऊन असतं. आरसा फिरवला. खाली सावलीत बुडालेल्या अंगणात दाराएवढा एक उजेडाचा तुकडा पडला आणि वेड्यासारखा भिंतीवर, पत्र्यावर, कोंबड्यांवर धावायला लागला. कोंबड्या ओरडत पळाल्या. काका अंगणात आले, वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला. मग त्यांना कळलं. त्यांनी खांद्यावरचा लाल टॉवेल काढला आणि उजवीकडे हलवला. मी आरसा उजवीकडे नेला. टॉवेल डावीकडे. मी डावीकडे. टॉवेल खाली, खाली, अजून थोडा, आणि एकदम वर. म्हणजे बस.

उजेड काकींच्या मांडीवर होता.

पण सूर्य हलतो. हे आता मी शिकलो होतो. आठ-दहा मिनिटांत उजेड काकींच्या मांडीवरून घसरून जमिनीवर जायचा. म्हणून आरशापाशी उभं राहून तो बोटबोट वळवत राहायचं. एक तास, कधी दीड. खालून टॉवेल, वरून मी. त्या पहिल्या दिवशी दोन बोटं सुटली. "दोन!" काका ओरडले, आणि मी गच्चीवर एकटाच असताना टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आरसा सुटून उजेड टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर गेला.

असं दोन-तीनदा झालं, आणि टॉवरच्या खालच्या मजल्यांवर नुकत्याच राहायला आलेल्यांच्या ग्रुपवर तक्रार आली. समोरच्या जुन्या बिल्डिंगमधला एक टकला गृहस्थ दर शुक्रवारी बायकांच्या खिडक्यांवर आरसा मारतो. आमचे सेक्रेटरी फोन दाखवायला घरी आले. शोभाने शांतपणे वाचलं. "टकला लिहिलंय ते बरोबर आहे," ती म्हणाली. "बाकी एवढी हिंमत असती तर लग्नाआधी दिसली असती."

दर शुक्रवारीच का, तर मला सुट्टी शुक्रवारची. बाकीचे सहा दिवस मी अंबरनाथला गेज तपासत असायचो. शोभाने प्रयत्न केला, पण तिचा खांदा दुखायचा, आणि तिला डबे, अनघाची शाळा. आरसा तसाच ठेवला तर दहा मिनिटांचं ऊन. हिराकाकींच्या आठवड्यात ऊन एकदा यायचं, वाराच्या उपासासारखं.

टॉवरच्या दोन विंगांमध्ये एक फट आहे. पौषात दहाच्या सुमाराला तिच्यातून उन्हाची एक पट्टी अंगणात उतरायची आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत रस्त्याकडे जायची. काका त्या पट्टीबरोबर खुर्ची ओढत न्यायचे, काकींसकट, दर थोड्या वेळाने दोन हात. एका शुक्रवारी ती पट्टी आणि माझा आरसा असे दोन्ही उजेड काकींवर एकदम आले. काकींच्या पायातून दोन सावल्या निघाल्या, एक फाटकाच्या उलट दिशेला, एक घराकडे. काकांनी त्या बोटाने मोजल्या.

"हिरू," ते म्हणाले, "दोन दोन सावल्या तुला! मना तं एक पन परवरत नाय."

काकी हसल्या. अंगठा सोडून चारी बोटं त्या दिवशी सुटली. त्या थंडीतला तो उच्चांक.

पुढच्या आठवड्यात वनिता आली. तिने आईची मूठ उघडायचा प्रयत्न केला आणि बघितलं की नखांनी तळव्याला जखम झाली आहे. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "बाबा, आमच्या दारासमोरच्या खल्यात दिवसभर ऊन हाय. आयला नेतंय. तुमीबी चला."

"मी जावयाच्या घरी रव्हू?"

"मंग काय झालं?"

"कुनी ऱ्हायलंय आपल्यात?"

इथे मला काकांचा राग आला, हे कबूल करतो. लेकीच्या सासरी बापाने राहायचं नाही, काहीजण तर तिथलं पाणीही पीत नाहीत, हे आजच्या काळात काय धरून बसायचं? मी तसं म्हणालोही. काकांनी ऐकून घेतलं. ज्या माणसाचं ऐकून एकदा त्यांनी सही केली होती त्याचंच हे बोलणं, तरी ऐकून घेतलं. "तुजं बराबर असल," म्हणाले. "पन माज्यानं नाय व्हनार." त्यांच्या आवाजात हट्ट असता तर भांडता आलं असतं.

काकी गेल्या. काका दर मंगळवारी एसटीने जायचे, सोबत पाण्याची स्वतःची बाटली, आणि दिवे लागायच्या आत परत. "किती सुटली?" मी विचारायचो. "पाची," ते सांगायचे. "तिकडं रोज पाची सुटतात." आनंदाने सांगायचे, मग ओसरीवर एकटे जेवायचे.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टॉवरची सावली अंगणातून मागे गेली आणि काकी घरी आल्या. उन्हाळाभर दोघं एकत्र होती. गंमत अशी की अंगण दिवसभर रणरणत असायचं आणि उन्हाळ्यात उन्हात बसतंय कोण? काकी ओसरीच्या सावलीत, बोटं आपोआप सुटलेली. मे महिन्यात एका दुपारी काका अंगणाच्या मधोमध उभे दिसले, अनवाणी, पायांखाली सावलीचा फक्त टिकलीएवढा गोळा. मला हाक मारली.

"बग इंजिनेर. तुजा कागद बराबर हुता. दिवस तेवरा एकच हुता."

पावसाळा सरला तसे ते रोज दुपारी चुन्याची एक रेघ ओढायला लागले, सावली जिथवर आली असेल तिथे. अंगणात रेघांमागून रेघा, घराच्या दिशेने. काकी ओसरीवरून बघायच्या. रेघ पहिल्या पायरीला लागली की काकींनी लेकीकडे जायचं, असं ठरलं होतं. दिवाळीच्या तोंडावर रेघ पायरीला लागली. जायचा दिवस काकांनीच काढला, शुक्रवार.

त्याच माघात काका गेले. सकाळी दूधवाल्याला ओसरीवर दिसले, पायरीला टेकून बसलेले. वनिता आईला घेऊन आली तेव्हा अकरा वाजले होते आणि अंगणात ती पट्टी पडली होती. त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. काका डोळ्यांसमोर येतात ते त्या दिवशीचे नाहीत, काकी लेकीकडे निघाल्या त्या शुक्रवारचे.

सकाळचे दहा. फाटकाशी वनिताने आणलेली रिक्षा. मी गच्चीवर आरशापाशी, कारण काकांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उंद्या आरसा लाव. जाताना तिला थंडी नको." सगळं अंगण काळोखात, मध्ये दाराएवढा उजेड, उजेडात काकी आणि त्यांना धरून चालणारे काका. टॉवेलच्या इशाऱ्यावर मी तो उजेड पावलापावलाने फाटकाकडे नेला. रिक्षात बसवताना काकांनी त्यांची मूठ हातात घेतली, बघितली आणि वर माझ्याकडे तीन बोटं दाखवली. तीन.

रिक्षा सुरू झाली. मला वाटलं, झालं, आणि मी हात काढणार तेवढ्यात खाली लाल टॉवेल हलला. उजवीकडे. मी आरसा वळवला. उजेड रिक्षाच्या मागच्या काचेवर गेला. टॉवेल परत उजवीकडे. रिक्षा गल्लीतून टॉवरच्या सावलीत चालली होती आणि मी तिच्यामागून उजेड नेत होतो, थोडा मागे पडत, थोडा पुढे जात. मागच्या काचेतून एक हात वर झालेला दिसला, डावा. मग रिक्षा वाण्याच्या दुकानाकडून वळली.

उजेड गल्लीच्या वळणावर एकटाच राहिला. काका फाटकात उभे, डोळ्यांवर आडवा हात, तिकडे बघत. मी टॉवेल वर होण्याची वाट बघत होतो, कारण बस म्हटल्याशिवाय आरसा सोडायचा नाही हे आमचं ठरलेलं. हात भरून आले. उजेड वळणावरून हळूहळू सरकायला लागला, तशी मी आरसा बोटभर फिरवून तो परत जागेवर आणला. मग परत. काकांनी टॉवेल वर केला नाही.